वाचक विचारतात : लाखमोलाचा ट्यूलिप

प्रश्न : हॉलंडमध्ये ट्यूलिपच्या एका कंदाला घराएवढी किंमत आली होती म्हणतात. तो वाण आज लावता येईल का? आणि ऐन हिवाळ्यात, फूल नसताना, व्यापार कसला चालायचा?

उत्तर : तो वाण ‘सेंपर ऑगस्टस’. पांढऱ्या पाकळ्यांवर लाल ज्वाळा. आज तो उरलेला नाही, आणि कारण त्याच्या देखणेपणातच आहे. हे पट्टे विषाणूमुळे पडत. मावा कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. पाकळीत रंग सगळीकडे सारखा धरत नाही आणि खालचा पांढरा उघडा पडतो. पण कंदही खंगतो, त्याला पिल्लं कमी फुटतात. बी पेरावं तर फुलायला अनेक वर्षं लागतात, शिवाय विषाणू बियांतून उतरत नाही, म्हणजे पट्टे गेलेच! डच माळ्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. उलगडा 1920 च्या दशकात झाला. हल्ली मिळणारे पट्टेदार ट्यूलिप निरोगी, जनुकीय बदलातून आलेले असतात.

कंद जूनच्या सुमारास काढून शरदात पुन्हा लावत. म्हणजे माल हाती देता येई तो एवढ्याच काळात. एरवी गुत्त्यांत बसून नुसते कागदी सौदे. भाव ‘आस’ या वजनावर, साधारण ग्रॅमचा विसावा भाग. जमिनीत कंद पोसला की वजन वाढणार, त्यावर सट्टा. डच लोकच याला ‘वाऱ्याचा व्यापार’ म्हणत. फेब्रुवारी 1637 मध्ये हार्लेम या डच शहरात कंदांना गिऱ्हाईकच मिळेना. पुढच्या वर्षी तिथे ठरलेल्या किमतीच्या साडेतीन टक्के भरून करार मोडायची मुभा मिळाली. सगळा देश बुडाला, ही मात्र दंतकथा.