मुंबई बंदरात बोयाला होडी बांधताना
शिडाची छोटी होडी बोयाकडे (समुद्रतळाशी साखळीने जखडलेल्या तरंगत्या खुणेकडे) नेताना वारा आणि प्रवाह यांपैकी ज्याचा जोर अधिक असेल, त्याच्या विरुद्ध दिशेने सावकाश या. नाळेवरून (होडीच्या पुढच्या टोकावरून) नायलॉनचे दोन स्वतंत्र दोर बांधा, कारण नायलॉन ताणले जाऊन लाटेचा हिसका सोसते आणि एक दोर तुटला तरी दुसरा होडी धरून ठेवतो. माझ्या अनुभवात गाठ क्वचितच सुटते. दोर नाळेच्या कडेवर घासून झिजतो आणि रात्रीतून तुटतो, म्हणून तेथे रबरी नळीचे आवरण घालाच. शॅकलची (दोर जोडणाऱ्या धातूच्या कडीची) पिन तारेने पक्की करा. मोठ्या उधाणाला येथे पाणी सुमारे ५ मीटरपर्यंत चढते-उतरते, त्यामुळे बोयाच्या साखळीची लांबी सर्वांत मोठ्या भरतीलाही पुरेल ना, हे आधी विचारून घ्या.