सरकारी पैशावरच्या संशोधनाचा धोरणाला खरंच उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की पुण्यातून अर्थशास्त्रात एम.ए. झालंय, केंद्रीय मंत्रालयाच्या पैशावर चालणाऱ्या एका प्रकल्पात संशोधन सहायकाची जागा मिळतेय, पण 'असले अहवाल कपाटात धूळ खातात' असं सगळे सांगतात, तर जावं का? मी शेतीच्या बाजूने अशा प्रकल्पांवर बरीच वर्षं काम केलंय. माझं म्हणणं, जरूर जा. फक्त प्रश्न कुणी आणि कशासाठी विचारलाय, हे आधी बघून घ्या.

पुष्कळ अहवाल धूळ खातात हे खरंच आहे. पण जे काम रोज वापरलं जातं, त्याच्याकडे बाहेरचे लोक संशोधन म्हणून बघतच नाहीत. दरवर्षी हमीभावाची बातमी येते. त्यामागे पिकांचा उत्पादन खर्च मोजण्याची केंद्र सरकारची योजना आहे, १९७०-७१ पासून चालू असलेली. महाराष्ट्रात ती राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ राबवतं. निवडलेल्या शेतकऱ्यांकडे कर्मचारी वर्षभर जातो आणि बियाणं, खत, बैल, ट्रॅक्टर, मजूर अशी एकेक नोंद घेतो. हे आकडे पुढे हमीभावाची शिफारस करणाऱ्या कृषी खर्च व मूल्य आयोगाकडे जातात. २०१८-१९च्या अर्थसंकल्पात खर्चाच्या दीडपट भावाची घोषणा झाली, तो खर्च 'ए२ अधिक एफएल' धरला जातो. यातलं ए२ म्हणजे शेतकऱ्याने प्रत्यक्ष केलेला खर्च, आणि एफएल म्हणजे घरच्या माणसांच्या कष्टाची किंमत. शेतकरी संघटना 'सी२' मागतात, कारण त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड, म्हणजे तिचं धरलेलं भाडं, आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याजही येतं. एवढं मोठं राजकारण ज्या आकड्यांवर चालतं, ते कुणीतरी बांधावर बसून लिहिलेले असतात.

शिरूर तालुक्यात बाजरीच्या एका अभ्यासासाठी आम्ही फिरत होतो तेव्हाची गोष्ट. एका शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून मी विचारलं, "दादा, खुरपणीला घरचं कोण कोण होतं?" ते म्हणाले, "घरचंच तर हाये, त्याचं काय लिहिता?" आतून त्यांची बायको म्हणाली, "मी आन् आत्याबाई आठ दिस रानात होतो, ते कुठं गेलं?" आमच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे माहिती भरायच्या प्रश्नावलीत, घरच्या बायकांच्या कामाचा वेगळा रकाना होता, म्हणून ते दिवस कागदावर आले. रकाना नसता, किंवा घाईत तिथे शून्य पडलं असतं, तर त्या घराच्या बाजरीचा खर्च तेवढा कमी दिसला असता. पुढे कितीही चांगलं गणित केलं तरी ते दिवस परत आले नसते. म्हणून मला शेड्यूल तयार करायचं काम अहवाल लिहिण्यापेक्षा मोठं वाटतं, आणि नव्या मुलामुलींनी त्या बैठकीला हट्टाने बसावं असं मी सगळ्यांना सांगतो.

दुसरं उदाहरण पुण्यातल्याच माणसाचं. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी राज्य सरकारने १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने सिंचन, रस्ते, शिक्षण अशा एकेका क्षेत्रात प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीशी ताडून बघितला आणि १९८४ मध्ये ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या जिल्ह्यांची तूट, मांडला. शिफारशी जशाच्या तशा अमलात आल्या नाहीत. पण विदर्भ-मराठवाड्याचं भांडण त्यानंतर आकड्यांत मांडलं जाऊ लागलं. २०११ मध्ये याच प्रश्नावर अर्थतज्ज्ञ विजय केळकरांची समिती नेमली गेली, तेव्हाही वाद पुन्हा 'मोजायचं कसं' यावरच होता. अहवाल बाजूला राहिला तरी मोजायची रीत टिकते, आणि मी हाही उपयोगच मानतो.

उपयोग होत नाही तो कुठे? जिथे निर्णय आधीच झालेला असतो आणि योजनेला मुदतवाढ देण्याआधी फाईलला एक मूल्यमापन जोडायचं असतं तिथे. असा प्रकल्प ओळखता येतो. मुदत चार महिने, जिल्हे भरपूर, आणि प्रश्न बहुतेक 'लाभ मिळाला का, समाधानी आहात का' असे.

पैशाचं वेळापत्रकही समजून घ्या. निधी हप्त्यांनी येतो. आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे ऑफिसच्या बोलीत यूसी, गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. खरीप जूनमध्ये सुरू होतो आणि कधीकधी पैसे हातात येतात तेव्हा सोंगणी उरकलेली असते. मग शेतकऱ्याला पाच महिन्यांपूर्वीचं आठवून सांगावं लागतं. मार्चअखेर खर्च दाखवायची घाई असते ती वेगळीच. यात माणसांची नियत वाईट नसते, पण आकडे बिघडतात, आणि याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नाही याचं मला वाईट वाटतं.

पुण्यात असण्याचा मात्र मोठा फायदा आहे. राज्याचे निर्णय मुंबईच्या मंत्रालयात होतात, पण कृषी, साखर, सहकार, शिक्षण, समाजकल्याण या सगळ्यांची आयुक्तालयं इथेच आहेत. कोणती नोंद कशी ठेवली जाते हे सांगणारा अनुभवी कर्मचारी बसने जाऊन भेटता येतो. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत कृषी-आर्थिक संशोधन केंद्र १९५४ पासून आहे. तिथल्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात जुने अहवाल चाळायची परवानगी मिळाली तर रुजू होण्याआधी दोन-तीन वाचा. निष्कर्षांपेक्षा परिशिष्टातली प्रश्नावली नीट बघा.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. हा विषय पैसे देणाऱ्या केंद्रीय मंत्रालयाने सुचवला की संस्थेने? अहवाल जाहीर होणार का? मूळ आकडे संस्थेकडे राहणार का? शेड्यूल गावात आधी तपासून बघणार का, आणि फील्डवर तुम्ही स्वतः जाणार की माहिती गोळा करायचं काम बाहेर दिलंय? चांगल्या प्रकल्पप्रमुखाला असे प्रश्न आवडतात. नेमणूक बहुधा प्रकल्पापुरतीच असेल, त्यामुळे हप्ता लांबला तर पगार कुठून होतो, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.