जुन्या सेडानचं इंजिन समजून घ्यायला सुरुवात कुठून करावी?

पंधरा-सोळा वर्षं जुनी पेट्रोल सेडान हाती आलीय, बॉनेट उघडलं की नुसत्या नळ्या आणि वायरी दिसतात, इंजिन समजायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. सुट्या भागांची नावं पाठ करायच्या फंदात पडू नका. टायमिंग (आतले भाग योग्य वेळी हलवायचा मेळ), ऑइल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कळलं की निम्मं काम झालं.

आधी टायमिंग, कारण सगळ्यात महागडा दणका तिथेच बसतो. सिलिंडरमध्ये खाली-वर होणारा पिस्टन हवा-पेट्रोल आत ओढतो, दाबतो, ठिणगी पडली की जोरात खाली ढकलला जातो, मग वर येत जळका वायू बाहेर लोटतो. एवढ्यात पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात आणि व्हॉल्व्ह (हवा-वायू आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एकच. ३००० आरपीएमला (क्रँकशाफ्टचे मिनिटाला ३००० फेरे) चार सिलिंडर मिळून सेकंदाला १०० वेळा पेट्रोल पेटतं, आणि हा सगळा मेळ राखतो एक बेल्ट किंवा चेन. रबरी बेल्ट नुसत्या वयानेही खराब होतो, त्यामुळे "गाडी फार चाललेलीच नाही" या वाक्यावर मी काडीचाही विश्वास ठेवत नाही. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं. आधी आवाज येईलच असंही नाही. बेल्ट बदलल्याचं बिल मागा. नसेल तर सरळ नवा टाका, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही लगे हात बदला. बेल्ट आहे की चेन, हे गाडीच्या पुस्तकात सर्व्हिसच्या तक्त्यात सापडेल.

ऑइल सकाळी, गाडी सपाट जागी आणि थंड असताना बघा. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) ओढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा ओढा. काळं ऑइल बघून दचकू नका, मळ धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. डिपस्टिकवरच दुधाळ, कॉफीसारखं काही दिसलं तर मात्र कूलंट ऑइलमध्ये शिरतंय, म्हणजे बहुधा हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलंय. ऑइलच्या झाकणाखाली थोडासा पांढरट थर असेल तर तो नुसता वाफेचाही असतो. गाडी कायम जवळच्या जवळ फिरत असेल तर हमखास.

कूलंट सारखं कमी होत असेल तर टाकी भरत बसू नका, गळती शोधा. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही, उकळता कूलंट दाबाने अंगावर येतो.

शेवटी कुणाला तरी सायलेन्सरमागे उभं करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रात्रभर उभी गाडी सुरू करताना निळ्या धुराचा एकच झोत आला, तर व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हवरून ऑइल आत झिरपू न देणारी रबरं) बहुधा कडक झालेत. त्यावर गाडी बरेच दिवस निघते. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर येतच राहिला तर संशय पिस्टनभोवतीच्या रिंगांवर. मग खर्चाला हात घालण्याआधी मेकॅनिककडून कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासून घ्या.