साइट हलेना, हातोडी मारू का?

प्रश्न: नमस्कार. माझ्याकडे 9 मिमीचं एक पिस्तूल आहे, लायसन्स वगैरे सगळं रीतसर, फक्त रेंजवर टार्गेट मारायला वापरतो. कंपनीकडून आलेल्या साइट्स (नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा) प्लास्टिकच्या आहेत, त्या काढून स्टीलच्या, अंधारात चमकणाऱ्या ट्रिटियमच्या साइट्स लावायच्यात. साइट्स आणून ठेवल्यात पण घोडं अडलंय टूलवर. साइट पुशर, म्हणजे साइट ढकलून सरकवायचं टूल, बघायला गेलो तर एकाच कामाचं टूल आणि एक दुसऱ्याच्या चार-पाच पट महाग, दिसायला मात्र सगळी सारखीच, एक चौकट आणि एक स्क्रू. मित्र म्हणतो टूलबिल काही लागत नाही, पितळी पंच (ठोकायचा छोटा दांडा) आणि हातोडी, दोन ठोके मार की झालं. पुढे अजून एक वेगळ्या कंपनीचं पिस्तूल घ्यायचा विचार आहे, त्यालाही तेच चाललं तर बरं. स्वस्तवालं घेऊ की नको?

उत्तर: तुमचा मित्र अगदीच काही चुकीचं बोलत नाहीये. पितळी पंच, छोटी हातोडी आणि जबड्यांना मऊ पट्ट्या लावलेला व्हाइस एवढ्यावरच कितीतरी गनस्मिथांनी आयुष्य काढलंय, आणि ज्याचा हात बसलाय तो आजही तसंच करतो. पण दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे तुमच्या साइट्स ट्रिटियमच्या. त्यात जो चमकणारा ठिपका असतो ना, ती काचेची बारीक सीलबंद नळी असते, आत ट्रिटियम वायू आणि काचेला आतून लावलेली चमकणारी पूड (फॉस्फर), त्यावर हातोडीचे दणके बसले की नळी तडकू शकते आणि मग नवीकोरी साइट त्या दिवसापासून आंधळी. (ट्रिटियमचं अर्धआयुष्य 12 वर्षांच्या थोडं वर आहे, म्हणजे ती तशीही मंद होतच जाणार, पण निदान बसवतानाच मारू नका. आणि फुटलीच तर तुकडे चिवडत बसू नका, खिडक्या उघडा, थोडा वेळ बाहेर जा, मग हातमोजे घालून उचला आणि हात धुवा.)

दुसरी अडचण कंट्रोलची, आणि माझ्या मते खरी गोष्ट हीच आहे. लोक म्हणतात पुशर ताकदीसाठी घ्यायचा. ताकद हातोडीतही आहे हो. पुशर घ्यायचा तो साइट बरोब्बर हवी तेवढीच सरकवण्यासाठी. थोडं गणित करू. समजा पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर 160 मिमी आहे आणि 15 मीटरवर तुमचे शॉट 50 मिमी डावीकडे पडतायत. 50 गुणिले 160 भागिले 15000, उत्तर आलं अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित वर. म्हणजे अख्खी 50 मिमीची चूक सुधारायला साइट नखाच्या जाडीएवढी सरकवायचीये फक्त! हातोडीचा एक ठोका अर्धा मिमी नेईल की दीड, हे ठोका मारून झाल्यावरच कळतं. पुशरला समजा M10 चा (10 मिमी जाडीचा) साध्या आट्यांचा स्क्रू असेल तर तो एका फेऱ्यात 1.5 मिमी पुढे जातो, म्हणजे तुम्हाला फिरवायचाय एक तृतीयांश फेरा. हे हाताला कळतं.

आता स्वस्त आणि महाग यात फरक कसला ते बघा. पैसे जातात चौकटीच्या दणकटपणात आणि साइटला ढकलणारा जो ठोकळा असतो त्याच्या आकारात. बाकी रंग, पेटी, कोरलेलं नाव, ते सोडून द्या.

मी स्वतः पहिल्यांदा सगळ्यात स्वस्त मिळालेला युनिव्हर्सल पुशर घेतला होता, हलक्या अ‍ॅल्युमिनियमचा, कोणाचा ते जाऊ दे. पहिल्या पिस्तुलाची साइट निघाली, मी खूश. दुसऱ्याची घट्ट होती. स्क्रू फिरवतोय, फिरवतोय, हाताला जोर लागतोय, चौकट डोळ्यांदेखत वाकतेय आणि मी तरी फिरवतोच आहे, मग टक्‌ असा आवाज. मला वाटलं सुटली. बघतो तर साइट जिथल्या तिथे आणि ठोकळा तिच्या अंगावर चढून बसलेला, साइटच्या उजव्या खांबावर नखभर लांब पांढरा चमकता ओरखडा. स्क्रू उलटा फिरवायला गेलो तर त्याच्याबरोबर अ‍ॅल्युमिनियमचा कीस बाहेर, म्हणजे आटेही गेले. ते टूल अजून खणात पडलंय, मुलं पेपरवेट म्हणून वापरतात.

चूक टूलची होती तशी माझीही होती, कारण ठोकळा साइटला कुठे टेकलाय हे मी बघितलंच नव्हतं. स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागावर, जी आडवी खाच असते, वर अरुंद आणि खाली रुंद, तिला डव्हटेल म्हणतात, साइटचा पाया त्या खाचेत घट्ट बसलेला असतो. ठोकळा शक्य तितका खाली, त्या पायाजवळ टेकायला पाहिजे, स्लाइडला घासणार नाही इतपतच वर. वर टेकला की साइट सरकण्याऐवजी कलंडायला बघते, खाचेत अडकते, जोर वाढतो, आणि मग माझ्यासारखं. काही साइट्सच्या बाजू सरळ उभ्या असतात, काहींच्या तिरप्या. तिरप्या बाजूला सरळ ठोकळा लावला की तो वर घसरणारच. म्हणून टूल घेताना पहिला प्रश्न हा विचारा की सरळ आणि तिरपा असे दोन्ही ठोकळे मिळतात का, किंवा ठोकळा उलटा करून दुसरा कोन वापरता येतो का. आणि ठोकळा खालीवर अ‍ॅडजस्ट होतो का.

दुसरं बघायचं ते स्लाइड पकडायची सोय. दोन्ही बाजूंनी सपाट, पूर्ण लांबीची पकड पाहिजे, नुसती दोन स्क्रूंची टोकं स्लाइडच्या अंगात रुतणार असतील तर असलं टूल फुकट मिळालं तरी नको. स्लाइड आत हलता कामा नये, पण आवळून आवळून तिला चेपायचीही नाही. मी पकडीच्या जागी मास्किंग टेपचे दोन थर देतो, फिनिशही वाचतं आणि पकडही बसते.

तिसरा स्क्रू. बारीक आट्यांचा असेल तर उत्तम, स्क्रू स्टीलचा आणि ज्यात तो फिरतो तो नटही स्टीलचा किंवा पितळी असेल तर अजून उत्तम. स्टीलचा स्क्रू थेट अ‍ॅल्युमिनियमच्या भोकात फिरत असेल तर ते आटे किती दिवस टिकणार हे मी वर सांगितलंच. जे काही घ्याल त्याच्या स्क्रूला आणि टोकाला ग्रीस लावा, कोरडा फिरवू नका, निम्मं आयुष्य तिथेच जातं टूलचं.

राहिला प्रश्न एकाच मॉडेलचं घ्यावं की युनिव्हर्सल. एकाच मॉडेलसाठी बनवलेला पुशर हा सगळ्यात सोपा, स्लाइड सरकवली, पिन लावली, स्क्रू फिरवला, सेटिंग काही नाही, पण दुसऱ्या कंपनीच्या पिस्तुलाला तो बिनकामाचा. तुम्हाला दोन वेगळी पिस्तुलं करायचीत म्हणजे मधल्या किमतीचा, स्टीलच्या चौकटीचा युनिव्हर्सल घ्या. सगळ्यात खालचा नको, सगळ्यात वरचाही नको, तो दिवसाला दहा स्लाइड करणाऱ्या वर्कशॉपसाठी असतो. आणि खरं सांगू का, दुसरं पिस्तूल अजून "विचार आहे" याच पायरीवर असेल तर आत्ता काहीच विकत घेऊ नका. साइट आयुष्यात एकदा-दोनदा बदलायची वस्तू आहे. क्लबात कोणाकडे तरी पुशर पडलेला असतोच, मागून आणा, किंवा गनस्मिथला मजुरी देऊन करून घ्या, स्वस्तात स्वस्त टूल ते हेच.

अजून एक, ज्याच्यावर लोकांचे पैसे उगाच जातात. पुशर बहुतेक वेळा मागच्या साइटसाठी लागतो. पुढची साइट, जिला जुनी माणसं माशी म्हणायची, ती प्रत्येक पिस्तुलात डव्हटेलमध्येच असते असं नाही. ग्लॉकमध्ये बाजारातली माशी स्लाइडच्या आतल्या बाजूने एका बारीक षटकोनी डोक्याच्या स्क्रूने धरलेली असते, त्याला 3/16 इंचाचा पातळ भिंतीचा नट ड्रायव्हर लागतो, एवढंसं टूल, पुशरच्या मानाने अगदीच किरकोळ. साधा पाना आत जातच नाही, भिंत जाड पडते. तो स्क्रू बारीक आहे हे लक्षात ठेवा, दोन बोटांनी आवळायचा, मनगटाने नाही, आणि निळं थ्रेडलॉक (आटे सुटू नयेत म्हणून लावायचा गोंद) एक थेंब, तेही आटे स्पिरिटने पुसून कोरडे केल्यावर. लाल थ्रेडलॉक लावू नका, पुढच्या वेळी स्वतःलाच शिव्या घालाल.

काम सुरू करायच्या आधीचं तुम्हाला माहीत असेलच तरी लिहितो. मॅगझिन काढा, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, मग स्लाइड उतरवा, बंदुकीची नळी (बॅरल) आणि स्प्रिंग बाहेर काढा. डोळ्यांना गॉगल. मागच्या साइटला वरून किंवा बाजूने बारीक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा, आत बुडालेला स्क्रू) आहे का ते बघा, असेल तर आधी एलन कीने सैल करा, तो तसाच ठेवून पुशर फिरवणारे महाभाग मी पाहिलेत. आणि मॅन्युअल वाचा, कारण काही पिस्तुलांत मागच्या साइटखाली सुटे भाग दडलेले असतात. स्मिथ अँड वेसनच्या एम अँड पी मध्ये साइटखाली स्ट्रायकर ब्लॉकची (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेल्या भागाची) स्प्रिंग आणि तिची टोपी असते, साइट सरकली की टोपी टुणकन उडते आणि मग सगळं घर गुडघ्यावर बसून फरशी चाचपत बसतं. अशा वेळी स्लाइडवर एक बोट किंवा फडकं दाबून ठेवायचं.

काढताना साधारण रिवाज असा की नळीचं तोंड येतं ती बाजू पुढे करून स्लाइड धरली की साइट डावीकडून उजवीकडे काढायची आणि नवीन उजवीकडून डावीकडे घालायची. कंपनीने वेगळं सांगितलं असेल तर कंपनीचं ऐका. जुनी हलतच नसेल तर जोर वाढवू नका, पातळ पेनिट्रेटिंग ऑइलचे दोन थेंब डव्हटेलच्या कडेला सोडा आणि रात्रभर विसरून जा.

प्रश्न: वरच्यासारखंच, पण माझी अडचण उलटी. जुनी निघाली, नवीन साइट डव्हटेलमध्ये शिरायलाच तयार नाही, कडेला टेकवली की तिथेच थांबते. पुशरने दाबून बघू का, की स्लाइडची खाच थोडी घासू?

उत्तर: स्लाइडला कानस लावायची नाही म्हणजे नाही! साइट परत मिळते, स्लाइड ही पिस्तुलातली फार महाग वस्तू. घासायची ती साइट, आणि तीही खालून. साइटचा तळ सपाट कानशीवर किंवा काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर ठेवून दोनतीनदा फिरवायचा, मग लावून बघायचं, परत दोनतीनदा. तळ थोडा उतरला की साइट खाचेत खाली बसते आणि तिरप्या बाजू सैल होतात. बाजूच घासायच्या असतील तर तीनधारी कानशीची एक बाजू ग्राइंडरवर गुळगुळीत केलेली हवी, नाहीतर एक बाजू घासताना दुसरीही खाल्ली जाते.

घाई करू नका. तळाला मार्कर फासा, साइट हाताने रेटा, काढा, जिथे शाई खरवडली गेली तिथेच घासा. हाताच्या दाबाने साधारण एक तृतीयांश आत जायला लागली की थांबा, उरलेलं पुशरचं काम. पूर्ण हाताने आत गेली तर तुम्ही जास्त घासलंत, आता पितळी शिम (फट भरायची पातळ पट्टी) किंवा थ्रेडलॉक शोधा. बसल्यावर व्हर्नियरने स्लाइडच्या कडेपासून दोन्ही बाजू मोजा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, स्लाइडच्या गोलाईमुळे डोळा फसतो.

प्रश्न: साइट छान मधोमध बसली, तरी शॉट उजवीकडे जातायत. मागची साइट कुठे सरकवायची?

उत्तर: मागची साइट जिकडे शॉट न्यायचाय तिकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत डावीकडे. माशी हलवायची असेल तर बरोबर उलट. पण पुशर काढायच्या आधी पिस्तूल टेकवून पाच-पाच शॉटचे दोनतीन ग्रुप मारा, आणि दुसऱ्या कोणाला तरी तेच पिस्तूल मारायला द्या. त्याचे मधोमध पडले तर साइट जागेवर आहे, ट्रिगरवरचं बोट बघा. साइट सरकवलीच तर आधी मार्करने साइट आणि स्लाइड दोन्हींवर मिळून एक रेघ मारून ठेवा, आणि पुशरची दिशा बदलताना स्क्रूचा जो थोडा खेळ असतो तो आधी भरून घ्या, ठोकळा साइटला टेकला की मग फेरे मोजायला सुरुवात.