क्वार्टरबॅकला नापास करण्याआधी
एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, नव्यानं बघत असशील तर कोवळ्या क्वार्टरबॅकचे, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणाऱ्या गड्याचे, नुसते टचडाऊन (शेवटच्या रेषेपार चेंडू नेऊन मिळवलेले गुण) आणि इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यानं झेललेले पास) मोजू नकोस. आधी त्याच्यापुढे उभी राहून त्याला वाचवणारी पाच जणांची ऑफेन्सिव्ह लाइन बघ. २००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सच्या क्वार्टरबॅक डेव्हिड कारला ७६ वेळा सॅक केलं, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडलं. एवढा मार खाल्ला की पोराची नजर पास झेलणारा रिसीव्हर सोडून धावून येणाऱ्यांवर जाते, पाय स्थिर राहत नाहीत. ही खोड पुढे चांगली लाइन मिळाली तरी सहज सुटत नाही. मग कोच. दरवर्षी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (हल्ल्याच्या चाली आखणारा कोच) बदलला की प्लेबुक, म्हणजे चालींची वही, पुन्हा पहिल्या पानापासून. काही म्हणतात, पोराला आधी वर्षभर बाकावर बसवा. कॅन्सस सिटीचा स्टार क्वार्टरबॅक महोम्स २०१७ मध्ये अनुभवी अॅलेक्स स्मिथ खेळत असताना बाकावर बसला, हे खरं. पण नुसत्या बाकानं महोम्स घडत नाही, अँडी रीडसारखा कोचही लागतो. आणि क्वार्टरबॅक सॅम डार्नोल्ड? जेट्स संघानं २०२१ मध्ये पँथर्स संघाला देऊन टाकलेला हाच गडी २०२४ मध्ये मिनेसोटाकडून १४ सामने जिंकला.