बातमी चुकली तर पेपरवाले-चॅनलवाले मोकळेपणाने कबूल करतात का?

कबूल करतात, पण कोपऱ्यात. मी काही वर्षं एका जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर काढलीत, तिथलं सांगतो. एकदा अपघाताच्या बातमीत जखमी माणसाचं नाव मृतांच्या यादीत गेलं, तेही पहिल्या पानावर. सकाळी त्यांच्या मुलाचा फोन, "वडील वॉर्डात चहा पितायत आणि गावाकडनं पाव्हणे मातीला यायला निघालेत, मी कुणाकुणाला सांगू?" दुसऱ्या दिवशी दुरुस्ती आली ती सातव्या पानावर, टेंडर नोटिसांच्या खाली, तीन ओळी, 'नजरचुकीने' वगैरे, आणि नेमकं काय चुकलं होतं ते त्यात नव्हतंच. त्या ओळी मीच लिहिल्या होत्या, आजही वाईट वाटतं.

मोठ्यांचंही तेच. २००८ मध्ये टाइम्स नाऊ या इंग्रजी चॅनलवर पीएफ घोटाळ्याच्या बातमीत भलत्याच न्यायाधीशाचा फोटो गेला, १५ सेकंदच, पण तो होता न्या. पी. बी. सावंतांचा, म्हणजे सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती आणि प्रेस कौन्सिलचे, म्हणजे पेपरांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या संस्थेचे, माजी अध्यक्ष! त्यांनी पत्र पाठवल्यावर मग दिलगिरीची पट्टी फिरली. ते पुण्यात कोर्टात गेले आणि २०११ मध्ये १०० कोटींच्या भरपाईचा निकाल लागला. रक्कम मला फारच जास्त वाटते कारण अशा आकड्यांच्या धाकाने उलट वकीलच संपादकाला सांगतात की लेखी काही कबूल करू नका.

नीट करणारेही आहेत. 'द हिंदू'ने २००६ मध्ये रीडर्स एडिटर नेमला, वाचकांच्या तक्रारी बघायच्या आणि चुका ठरलेल्या जागी छापायच्या हेच त्याचं काम. मराठी पेपरांनी एवढं तरी करावं असं मला मनापासून वाटतं, त्याला खर्च तो किती.

वेबसाइटवर तर हेडिंग गुपचूप बदलतात, खाली एक ओळही नसते, म्हणून तुमच्याबद्दल चुकीचं आलं तर आधी स्क्रीनशॉट घ्या, पेपर असेल तर कात्रण जपून ठेवा. मग संपादकाला लेखी कळवा, दाद नाही दिली आणि बातमी पेपरातली असेल तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करा (चॅनल तिच्या कक्षेत येत नाहीत), दैनिकासाठी मुदत दोन महिन्यांची असते. कौन्सिल दंड करू शकत नाही, फक्त ताशेरे ओढते, पण तुमचं म्हणणं कागदावर येतं आणि त्या सकाळी फोन करणाऱ्या मुलाला आम्ही तेवढंसुद्धा दिलं नव्हतं.