खेड्यातल्या नव्या घराच्या आतल्या सजावटीसाठी कल्पना कुठून घ्यायच्या?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की यवतमाळकडच्या गावी स्लॅबचं घर उभं झालं आणि मोबाइलवर हॉलचे फोटो पाहून पाहून डोकं गरगरायला लागलं. ते फोटो आधी बाजूला ठेवा. त्या हॉलांत मे महिना येत नाही.

मी वर्धा जिल्ह्यात घरांची आतली कामं करतो. हल्ली लोक जुनं सूप, कंदील, जात्याची तळी घेऊन येतात आणि विचारतात, हे भिंतीवर कसं लावायचं? मी शक्यतो नाहीच म्हणतो. टांगलेल्या सुपात धूळ बसते, कोळी जाळं करतो, दिवाळीच्या सफाईत ते माळ्यावर जातं. वस्तू लटकवण्यापेक्षा ती तशी का घडवली असेल ते बघा आणि तेवढंच घरात आणा.

घरातल्या पेटीत एखादी करवत काठी साडी असेल तर उलगडा. भंडारा-नागपूरकडे विणतात ती. अंग टसर रेशमाचं, कोशाच्या मूळ पिवळसर रंगाचं, जवळजवळ कोरंच. काठ सुती आणि गडद. आडवा धागा नेणारे तीन धोटे चालवून काठ अंगात गुंतवतात, तिथंच ते करवतीचे दात उमटतात. सगळं काम काठावर, बाकी अंग गप्प. आपल्या मातीच्या घरांचंही तसंच होतं की! वर पांढऱ्या मातीचा पोतारा, खाली गेरूचा पट्टा, कारण चिखलाचे शिंतोडे आणि पायांचे डाग खालीच पडायचे. तुमच्या हॉलला जमिनीपासून तीनेक फूट गेरू रंगाचा ऑइल पेंट द्या, वर फिकट डिस्टेंपर. पोरांचे हात, खुर्चीची पाठ, तुरीचं पोतं, सगळं त्या तीन फुटांतच घासतं आणि ओल्या फडक्यानं निघतं. दोन रंग जुळतात तिथं पेंटरकडून दात काढून घ्या, पण एकाच भिंतीवर. चारही भिंतींवर काढले तर घराचा मंडप होईल.

सेवाग्राम फार लांब नाही, एकदा बापू कुटी बघून या. गांधीजी १९३६ साली त्या गावी राहायला गेले. कुटीच्या भिंतीवर त्यांच्या शिष्या मीराबेननी मातीतच ताडाची झाडं आणि चरखा उठवलाय. उजेड तिरपा पडला की सावलीनंच चित्र दिसतं. तुमच्या घरी प्लास्टरवाला असतानाच एखादा कोपरा असा उठवून घेता येईल, फ्रेमच्या पैशात.

पश्चिमेच्या खिडकीला बांबूचा तट्टा लावा, पण बाहेरून. आतून पडदा लावला तर तोवर ऊन काचेतून आत आलेलंच असतं. बाहेरचा तट्टा ते काचेआधीच अडवतो, आणि विणीतून झिरपणारा उजेड जमिनीवर जी नक्षी काढतो तिच्यापुढे टाइल्सची नक्षी काहीच नाही. साधा बांबू घेऊ नका. त्यातल्या स्टार्चवर भुंगा येतो आणि खाली पिठासारखा भुसा पडत राहतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेलाच मागा.

पीओपीच्या फॉल्स सीलिंगचं विचारलंत. खेड्यात नको. वर उंदीर राहतात, स्लॅब गळली तर उशिरा कळतं, खोलीची उंची जाते ती वेगळीच.

तट्ट्याचं माप मात्र आत्ताच बुरडाला देऊन ठेवा. लग्नसराई लागली की टोपल्या-सुपांच्या कामातून त्यांना सवड नसते.